पाच मिनिटांच्या आत

कॅनडात, ओटावाजवळच्या कनाटात राहणाऱ्या एखाद्या मराठी माणसाने माझ्या आतेसासूबाईंना आजवर एकदाही कुशीवर वळवलं नसेल, तर तो माणूस एक तर कालच विमानातून उतरला आहे किंवा मराठी असल्याचं खोटं सांगतो आहे. मंडळाच्या अध्यक्षांनी त्यांना वळवलंय. सत्यनारायणाला येणाऱ्या गुरुजींनी सोवळ्यात वळवलंय आणि मग पुन्हा अंघोळ करायची की नाही यावर बराच वेळ विचार केलाय. दाताच्या डॉक्टरांनी, कर भरून देणाऱ्या गृहस्थांनी, भरतनाट्यमच्या अख्ख्या वर्गाने त्यांना आळीपाळीने वळवलंय. मी स्वतः, जावई या नात्याने, इतक्या वर्षांत किमान साठ वेळा वळवलं आहे, आणि हे सोपं काम नाही, कारण आत्या पाच फूट आठ इंच उंच आहेत आणि नागपूरच्या तुपावर वाढलेल्या आहेत. पहिल्यांदा वळवताना माझ्या पाठीत उसण भरली तेव्हा त्या जमिनीवरूनच, डोळे मिटलेले ठेवून, म्हणाल्या होत्या, "कमरेतून नाही, जावईबापू, गुडघ्यातून वाका. बर्फ शोव्हल करताना वाकता ना, तसं."

आत्यांना वयाच्या नवव्या वर्षापासून एपिलेप्सी आहे. गोळ्या नियमित घेऊनही वर्षातून एखाद-दुसरी फिट येते. ही गोष्ट लोक दाबून ठेवतात, कुजबुजतात, लग्नाच्या वेळी गिळून टाकतात. आत्या ती ओळख करून देतानाच सांगतात, तीही नावाच्या आधी. "मी नागपूरची, मला एपिलेप्सी आहे, तुम्हाला चहात साखर चालते ना?" हे त्यांचं एकच वाक्य आहे आणि समोरचा माणूस नेमकं कशाला हो म्हणावं या विचारात असतानाच चहा येतो. मग चहा झाला की त्या गालिच्यावर आडव्या होतात. "आता मला फिट आलेली आहे. करा काय करायचं ते." बरीच वर्षं मी याला समाजकार्य समजत होतो. ते खरंच होतं, पण अर्धंच. उरलेलं अर्धं मला दोन वर्षांपूर्वी कळलं. आत्यांना नाटकात काम करायचं होतं. एकदा, फक्त एकदा, पहिल्या प्रवेशापासून शेवटचा पडदा पडेपर्यंत रंगमंचावर राहायचं होतं, आणि ते कुणी त्यांना करू देत नव्हतं.

पण आधी कांद्याचं सांगितलं पाहिजे. आत्यांच्या घरात कांदा नाही. त्या नागपूरच्या असून त्यांच्या पोह्यांत कांदा नसतो, आणि यावरून त्यांचे दोन-तीन नातेवाईक कायमचे दुरावले आहेत. कारण विचारलं तर सांगतात, "माझा कोटा लहानपणीच संपला." फिट आली की घरातला प्रत्येक माणूस एक तर कांद्याकडे धावायचा किंवा चपलांकडे. कांदा फोडून नाकाशी, नाही तर चप्पल नाकाशी, आणि दातांमध्ये चमचा. या विषयात आत्यांचा अधिकार असा की त्या एखाद्या अत्तरवाल्यासारख्या बोलतात. थोरल्या काकांची चप्पल उन्हाळ्यात असह्य पण पावसाळ्यात त्याहून वाईट. शेजारच्या मास्तरांचे बूट तुलनेने बरे, कारण मास्तर मोजे घालायचे. एका लग्नात तर घोड्यावरून उतरलेल्या नवरदेवाचीच मोजडी आणली होती. "वास छान होता बाप्पा, नवीन चामड्याचा. पण फिट काही वासाने जात नाही ना. ती तिच्या वेळेने येते, तिच्या वेळेने जाते. त्यात चप्पल म्हणजे फुकटचा अपमान."

चमच्याचा हिशेब त्या खालच्या ओळीतला एक तुटका दात दाखवून मांडतात. त्यामुळे त्यांच्या घरी जेवायला बसणं ही परीक्षा असते. पाहुणा लाडू उचलून तोंडापाशी नेतो आणि नेमक्या त्याच क्षणी आत्या विचारतात, "फिट आलेल्या माणसाच्या तोंडात काय घालायचं?" पाहुणा गडबडून म्हणतो, "काही नाही." "शाब्बास," आत्या म्हणतात, आणि पाहुणा का कोण जाणे लाडू खाली ठेवतो. मी माझ्या डोळ्यांनी एकाच संध्याकाळी सहा लाडू परत ताटात गेलेले पाहिले आहेत.

गाडी त्या चालवत नाहीत. आपल्याला फिट येतात तेव्हा आपण स्टिअरिंगपाशी बसायचं नाही, हे त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं आणि पुन्हा कधी उकरून काढलं नाही. मात्र लायसन्स नसलेल्या माणसाला ड्रायव्हिंगचं जेवढं ज्ञान असतं तेवढं असलेल्याला कधीच नसतं. मी त्यांना ग्रोसरीला न्यायचो तेव्हा त्या शेजारच्या सीटवरून माझ्या विंटर टायर्सपासून माझ्या स्वभावापर्यंत सगळ्याची तपासणी करायच्या. ओटावातल्या बसचे सगळे नंबर त्यांना पाठ आहेत आणि निम्म्या बसचालकांना त्या पाठ आहेत, कारण चढताना तिकिटाआधी त्या त्यांनाही तेच वाक्य सांगायच्या, फक्त चहा वगळून.

एका फेब्रुवारीत तर त्यांनी कहर केला. समोरच्या घरात पुण्याहून नुकतंच एक जोडपं राहायला आलं होतं. दोघं सॉफ्टवेअरमध्ये, दोघं सभ्य, दोघं घाबरलेली. ते ड्राइववेवरचा बर्फ कसा काढतात हे बघायला आत्या गेल्या आणि तिथेच, जाडजूड कोटात, ताज्या बर्फावर पसरल्या. "आलेली आहे," त्यांनी जाहीर केलं. जोडपं बिचारं त्यांना वळवायला लागलं. पलीकडच्या घरातल्या बाईंनी खिडकीतून पाहिलं की एक वृद्धा बर्फात पडली आहे आणि हातात फावडी घेतलेली दोन माणसं तिला ढकलतायत. त्यांनी ९११ फिरवला. ॲम्ब्युलन्स आली तेव्हा आत्यांनी उठून आधी त्या बाईंच्या दारी जाऊन माफी मागितली, मग ॲम्ब्युलन्सवाल्यांची हात जोडून मागितली, आणि मग त्यांना चिवडा देऊन त्यांचीच परीक्षा घेतली. दोघंही पास झाले. "शिकलेली माणसं आहेत," त्या मला म्हणाल्या, "एकानेही बूट काढला नाही."

आत्यांचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, टेलिफोन कंपनीत इंजिनिअर होते आणि बोलायचे असे की शब्द कंपनीकडून मोजून मिळतात. लग्न ठरत असताना घरच्यांनी सांगितलं होतं, फिटचं अवाक्षर काढायचं नाही. आत्यांनी गुपचूप पत्र लिहून सगळं कळवलं, कांदा, चपला, चमच्यासकट. आठवड्याने उत्तर आलं. त्यात एकच प्रश्न होता: "किती वेळ टिकते?" आत्या सांगतात, तो प्रश्न वाचून त्या अंगणात बसून रडल्या, कारण इतक्या वर्षांत घरातल्या कुणी हे मोजलंच नव्हतं. सगळे कांद्याच्या मागे. लग्नानंतर पहिली फिट आली ती इथे, ओटावाच्या पहिल्या हिवाळ्यात. डोळे उघडले तर डोक्याखाली आतोबांचा घडी केलेला स्वेटर, चष्मा बाजूला नीट ठेवलेला, आणि शेजारी मांडी घालून बसलेले आतोबा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणाले, "एक मिनिट पन्नास सेकंद." मग पुढे चाळीस वर्षं ते तसेच शेजारी बसत गेले. त्यांच्या वह्यांत प्रत्येक फिटची वेळ आहे, सेकंदापर्यंत.

आतोबा गेल्यावरच्या पहिल्या संक्रांतीला आत्यांनी हळदीकुंकू ठेवलं. आता त्यांनी ते करावं का, अशी कुजबुज दोन-चार घरांत झाली आणि ती त्यांच्यापर्यंत पोचली. "वाण द्यायला नवरा लागत नाही," त्या म्हणाल्या, "बेसमेंट लागतं." उणे बावीसमध्ये पैठण्यांवर जॅकेटं घालून चाळीस बायका त्यांच्या बेसमेंटमध्ये उतरल्या. तिळगूळ झाला, उखाणे झाले, आणि वाण म्हणून प्रत्येकीच्या हातात स्वयंपाकघरातला एक टाइमर पडला. कुणाला टोमॅटोच्या आकाराचा, कुणाला कोंबडीच्या, माझ्या बायकोला वांग्याच्या. सगळे पाच मिनिटांवर लावून दिलेले. मग आत्या योगा मॅटवर आडव्या झाल्या आणि आडव्यानेच भाषण केलं. चष्मा काढा. गळ्याशी काही आवळलेलं असेल तर सैल करा. डोक्याखाली मऊ काहीतरी. हातपाय धरून ठेवू नका. तोंडात काही नाही, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवा. टाइमर लावा. पाच मिनिटांच्या वर गेली, किंवा एकीमागे दुसरी आली, किंवा माणसाची पहिलीच असेल, तर ९११. चारचौघांत पडलेल्या माणसाचा व्हिडिओ काढायचा नाही. आणि शुद्धीवर आल्यावर शेजारी बसा, "मी कोण ओळखा" असले प्रश्न विचारू नका. "टाइमर पर्समध्ये ठेवा," त्यांनी शेवटी बजावलं. "माझा घड्याळवाला गेला. आता तुम्ही सगळ्या."

हे मी का सांगतोय ते आता कळेल. बाराव्या वर्षी आत्यांना शाळेच्या नाटकात राणीचं काम मिळालं होतं. तालमीत फिट आली. बाईंनी प्रेमाने जवळ घेतलं, मुकुट काढून दुसऱ्या मुलीला घातला आणि यांना पडदा ओढायला बसवलं. तेव्हापासून त्या पडद्याच्या आडच राहिल्या. इथे मंडळात चाळीस वर्षं विंगेत प्रॉम्प्टर. त्यांचं प्रॉम्प्टिंग शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जायचं आणि प्रेक्षक कित्येकदा नटाआधी विंगेकडे बघून हसायचे. मंडळाची नाटकं मीच लिहितो आणि बसवतो. माझ्या नाटकांबद्दल जी काही बरी मतं आहेत ती बहुतेक त्यांच्या आवाजामुळे आहेत. दोन वर्षांपूर्वी, मी नवीन नाटक वाचून दाखवल्यावर, त्या म्हणाल्या, "जावईबापू, या खेपेला मी विंगेत नाही बसणार."

मी ताबडतोब त्यांच्यासाठी तीन वाक्यांची शेजारीण लिहिली. त्यांनी कागद वाचून परत दिला. "तीन वाक्यांत मी दारातून आतसुद्धा येत नाही." त्यांना घरमालकीण हवी होती. नाटक होतं बेसमेंटमध्ये भाड्याने राहणाऱ्या जोडप्याचं, आणि मालकीण सुरुवातीपासून शेवटपर्यंत रंगमंचावर. कमिटीत चर्चा झाली. अध्यक्ष भला माणूस, पण त्यांनीही घसा साफ करून विचारलं की मध्येच काही झालं तर? मी दोन्ही बाजूंना मान हलवली, ही माझी जुनी कला आहे. त्या संध्याकाळी आत्यांनी मला चहाला बोलावलं. चहात साखर नव्हती.

"काहून घाबरून राहिले?" त्यांनी विचारलं. "मला फिट येईल म्हणून, का नाटक पडेल म्हणून?"

मी खरं ते सांगितलं. "नाटक पडेल म्हणून."

"हे बरं आहे," आत्या म्हणाल्या आणि साखरेचा डबा पुढे केला. "माझी काळजी वाटते म्हटलं असतं तर मी तुम्हाला घरी पाठवणार होती. काळजीनेच तर माझा मुकुट काढला होता."

तालमी सुरू झाल्या आणि माझी दशा सुरू झाली. भाडेकरू ऐन रंगात येऊन संवाद म्हणतोय आणि मालकीणबाई खुर्चीतून ओरडतायत, "फिट." नाटक थांबायचं, सगळे धावायचे, वळवावळवी व्हायची, टाइमर लागायचा. महिन्याभरात अशी पाळी आली की माझ्या नटांना दुसरा अंक पाठ नव्हता पण त्यांच्यातला कुणीही एखाद्या दवाखान्यात नोकरीला लागला असता. प्रकाशयोजनावाल्याने धीर करून विचारलं की आपण पार्टीच्या प्रसंगात लुकलुकते दिवे लावले तर चालतील का. आत्यांनी त्याला समजावलं की दिव्यांनी फिट येणारे लोक असतात, पण थोडे. प्रत्येकाचं कारण वेगळं, आणि त्यांचं स्वतःचं कारण अपुरी झोप. "पण माझं सोड," त्या म्हणाल्या, "प्रेक्षकांत कुणाचं ते कारण असलं तर? साधा पिवळा दिवा लाव, माणूस त्यातही नाचतो." प्रयोगाच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळ्या नटमंडळींना फोन करून आठ वाजता झोपायला लावलं. मीच तेवढा जागा राहिलो.

शनिवारी दुपारी, भाड्याने घेतलेल्या शाळेच्या सभागृहात, प्रयोग झाला. तो कसा झाला हे मला सांगायला दिलंत तर हा लेख संपणार नाही. आत्या पहिल्या प्रवेशाला कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावून आल्या आणि पुढचे दोन तास त्यांनी रंगमंच कुणालाही दिला नाही. शिवाय समोरचा नट वाक्य विसरला की त्या भूमिकेत राहूनच त्याचं वाक्य त्याला सांगायच्या आणि वर त्याच्यावर चिडायच्या. शेवटच्या प्रवेशात भाडेकरू घर सोडून निघतात. मालकीण त्यांना दारापर्यंत जाऊ देते आणि मग म्हणते, "किल्ली ठेवून जा. आणि जाताना जेवून जा." एवढंच वाक्य. मी ते बसल्या बसल्या लिहिलं होतं. आत्या ते म्हणाल्या, पडदा पडला आणि सभागृह उभं राहिलं.

माझ्या जिवात जीव आला. पडदा पुन्हा उघडला, नट ओळीने उभे राहिले आणि अध्यक्षांनी आभार मानायला माइक हातात घेतला. आमच्या अध्यक्षांना थोडक्यात आभार मानता येत नाहीत. अकरावं मिनिट चालू असताना आणि ते सतरंज्या देणाऱ्यांपर्यंत पोचलेले असताना आत्यांच्या हातातला किल्ल्यांचा जुडगा खाली पडला आणि पाठोपाठ त्या पडल्या. या खेपेला त्या काही ओरडल्या नव्हत्या.

त्यानंतरचं पहिलं अर्धं मिनिट मी विंगेतून पाहिलं. भाडेकरू झालेल्या नटाने त्यांचं डोकं जमिनीवर आपटू दिलं नाही. त्याच्या नाटकातल्या बायकोने चष्मा काढला आणि गळ्याशी घट्ट बसलेला दागिना सैल केला. अध्यक्ष, ज्यांच्या हातात प्रमुख पाहुण्यांना द्यायची शाल होती, गुडघ्यांवर बसले आणि ती शाल घडी करून त्यांच्या डोक्याखाली दिली. कुणी हात धरले नाहीत, कुणी गर्दी केली नाही, कुणी किंचाळलं नाही. आणि समोर अंधाऱ्या सभागृहात पर्सच्या चेन उघडल्याचे आवाज झाले आणि ठिकठिकाणी टोमॅटो आणि कोंबड्या टिकटिकायला लागल्या.

आणि एव्हाना मी काय करत होतो? साठ वेळा वळवलेला, नाटकाचा दिग्दर्शक, घरचा जावई? मी धावत होतो. विंगेतून कॅफेटेरियात, कॅफेटेरियात वडापावच्या काउंटरवर, आणि तिथून परत. आलो तेव्हा त्यांचं अंग शांत झालं होतं, त्यांना कुशीवर वळवलेलं होतं, श्वास संथ होता. "दोन मिनिटं दहा सेकंद," माझी बायको वांग्याकडे बघून म्हणाली. हळूहळू आत्यांनी डोळे उघडले. सगळे गप्प शेजारी बसून राहिले, शिकवलं होतं तसे. आणि मग पाच मिनिटं पूर्ण झाली. टाइमर बंद करायचं कुणाच्याच लक्षात नव्हतं. पुढच्या रांगेपासून बाल्कनीपर्यंत ते एकामागून एक किणकिणायला लागले. आत्यांनी शालीवरून जरा डोकं उचललं आणि गुंगीतल्या आवाजात विचारलं, "कुकर झाला का?"

अर्ध्या तासाने, ग्रीन रूममध्ये, ब्लँकेट पांघरून त्या बसल्या होत्या. त्यांची नजर माझ्या कुर्त्याच्या खिशावर गेली. "जावईबापू, खिशात काय आहे?"

मी काढून दाखवला. चांगला मोठा, लाल कांदा होता. कुठून आला, का आणला, मला खरोखर आठवत नव्हतं. पाय आपोआप तिकडे गेले होते, पिढ्यान् पिढ्यांचे पाय. आत्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाल्या, "फोडून तरी आणायचा."

पण खरी गंमत, आणि ती गंमत नव्हे, पुढेच होती. त्यांनी विचारलं, नाटक कितव्या अंकात थांबलं? आम्ही सांगितलं, थांबलं नाही, पूर्ण झालं. त्यांचा विश्वास बसेना. फिटच्या आधीची काही मिनिटं कधी कधी पुसली जातात, आणि या वेळी नेमका तो शेवटचा तुकडा गेला होता. भाडेकरू सामान बांधतात इथपर्यंत त्यांना आठवत होतं. शेवटचं वाक्य नाही, पडदा नाही, टाळ्या नाहीत. साठ वर्षं ज्याची वाट पाहिली ते घडलं होतं आणि ते त्यांच्याकडे नव्हतं. मी म्हटलं, रेकॉर्डिंग दाखवतो. आमचा व्हिडिओवाला, जो त्यांच्या प्रत्येक शिकवणीला दांडी मारत आला होता, त्याला सगळ्यातला एकच नियम ठाऊक होता, पडलेल्या माणसाचा व्हिडिओ ठेवायचा नाही. त्याने अत्यंत आदराने सगळं पुसून टाकलं होतं, दोन्ही अंकांसकट.

आता आत्या देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हँकुव्हरजवळच्या बर्नाबीला, आपल्या मुलीकडे राहतात. तिथल्या बसचालकांची मला काळजी वाटते. दर रविवारी दुपारी फोन येतो. आधी माझ्या विंटर टायर्सची चौकशी होते, मग एक तोंडी प्रश्न होतो, मग त्या विचारतात, "टाळ्या किती वेळ वाजल्या?"

हेच कुणी मोजलं नव्हतं. त्या सभागृहात तीसेक टाइमर होते, फिटचा सेकंद न् सेकंद लागला, पण टाळ्यांचं घड्याळ कुणी लावलं नाही. आतोबा असते तर त्यांनी मनगटाकडे बघून आकडा सांगितला असता आणि विषय संपला असता. ते नाहीत, म्हणून मी सांगतो. पहिल्या रविवारी मी चाळीस सेकंद सांगितले, ते बहुधा खरे असावेत. पण फोनवर त्या इतक्या मन लावून ऐकत होत्या की पुढच्या खेपेला मी मिनिटावर गेलो, मग दोन मिनिटांवर. मागच्या रविवारी बाल्कनीतले लोकही उभे राहिले आणि साडेचार मिनिटं झाली.

"पाचच्या वर नेऊ नका, जावईबापू," आत्या म्हणाल्या. "ॲम्ब्युलन्स बोलवावी लागेल."

मी हसलो. त्याही हसल्या.

"पुन्हा सांगा ना," त्या म्हणाल्या. "मी किल्ली ठेवून जा म्हणते, तिथून."

मी घसा साफ केला, आणि तिकडे बर्नाबीत एक टाइमर फिरवून ठेवल्याचा आवाज आला.